उलटी सुरगाठ

भिंतीवरचा नियम पहिला: फायलीवर नाव लिहायचं नाही. फक्त आकडा. नियम दुसरा: कागदांचे फोनवर फोटो काढायचे नाहीत. फोन हरवतात, फोन जप्त होतात.

*

जिन्याच्या कठड्याला दात लावून उभ्या असलेल्या मुलीला तिची आई ओरडली, "सोड तो कठडा. दोन्ही दात हलतायत, एखादा गिळशील."

*

परिच्छेद १९. अर्जदाराच्या पतीला जून महिन्यात नेण्यात आले. अपत्याचा जन्म त्यानंतर सतरा महिन्यांनी झाला. सबब अर्जदाराचे कथन विश्वासार्ह मानता येत नाही.

*

झेरॉक्सचं मशीन बुधवारपासून बंद. त्यावर कुणीतरी चिठ्ठी चिकटवलेली: 'साहेब विश्रांती घेत आहेत. हाक मारू नये.'

*

मुलगी. तिसऱ्या महिन्याचा चौथा दिवस, पहाटे. नाळ मीच कापली. आई बरी आहे. बाप घरी नाही.

*

मास्तरने आज चहा घेतला नाही.


दहा वाजून पाच मिनिटं

वकीलबाईने चारशे सतराच्या नाडीचं टोक ओढलं. गाठ सुटायच्या ऐवजी आवळली गेली. "हिलाही आजच नखरे सुचतायत," म्हणत तिने नाडी तशीच कव्हरच्या कोपऱ्यावरून सरकवून काढली, टोपलीत टाकली आणि फाईल उघडली.

एक पान उलटलं. दुसरं उलटलं. मग ती पत्ते पिसल्यासारखी खालून वर चाळायला लागली, आणि शेजारी उभी असलेली दप्तरमावशी वाकून बघायला लागली.

"मावशी, हे काय आहे?"

कोरे अर्ज होते. जाडी तेवढीच, वजनही तेवढंच. नावाच्या रकान्यात नाव नाही, देशाच्या रकान्यात देश नाही. चाळीस-पन्नास कोरी माणसं एकावर एक रचून ठेवल्यासारखी.

हे ऑफिस म्हणजे एका दातांच्या डॉक्टरने सोडून दिलेला दवाखाना. दुसरा मजला, तीन खोल्या. आपला देश सोडून आलेल्यांचे अर्ज आणि अपिलं इथे फुकट लढवली जातात, जमतील तितकी. माणसं चार. संचालक, जे दातांच्या खुर्चीत आडवे होऊन फोन करतात, कारण ती खुर्ची हलवायला अजून कुणी मिळालेलं नाही. वकीलबाई. मास्तर, म्हणजे दुभाषा, जो स्वतः सोळा वर्षांपूर्वी असाच पळून आला आणि त्याआधी तिकडच्या शाळेत गणित शिकवायचा. आणि दप्तरमावशी. चौतीस वर्षं कोर्टाच्या दप्तरखान्यात काढून ती निवृत्त झाली, आठवडाभर घरी बसली, सुनेने मऊ आवाजात विचारलं की आई, तुम्ही आता रोजच घरी असणार का, आणि पुढच्या सोमवारपासून ती इथे यायला लागली. चौतीस वर्षांत तिच्या हातून एक कागद हरवला नव्हता. हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं, कारण ती दर आठवड्याला सांगायची.

चारशे सतरा म्हणजे शिवणवाली. एका कारखान्यात बाह्या जोडण्याचं काम करते. तिच्या नवऱ्याला तिकडे सैनिक उचलून घेऊन गेले तेव्हा ती पोटुशी होती. मुलगी झाली, ती पाठीला बांधून दिराबरोबर चालत सीमा ओलांडली. पहिला अर्ज फेटाळला गेला. आज तीन वाजता अपिलाची सुनावणी होती आणि अपील मंडळाने एकच गोष्ट मागितली होती: मुलीच्या जन्माचा मूळ पुरावा. तो शुक्रवारी, पाच-सहा माणसांच्या खिशांतून प्रवास करत, सुईणीच्या वहीतलं एक फाडलेलं पान होऊन पोचला होता. त्याची नक्कल नव्हती, कारण झेरॉक्स. फोटो नव्हता, कारण नियम दुसरा. ते पान चारशे सतरामध्ये होतं. तीन वाजता ते टेबलावर आलं नाही तर गुरुवारी सकाळी आई आणि मुलगी परत नेणाऱ्या गाडीत बसलेल्या असतील.

"काल फाईल कपाटात कुणी ठेवली?" वकीलबाईने विचारलं.

"मी. साडेपाचला. तुझ्या टेबलावर बांधलेलीच होती. गाठ चाचपली, वजन बघितलं, ठेवली, कुलूप लावलं."

"आणि किल्ली?"

"माझ्या कमरेला."

वकीलबाईने त्या किल्लीकडे पाहिलं.


साडेदहा

वीस-पंचवीस मिनिटं सगळ्यांनी सगळं उलथंपालथं केलं. मास्तर गुडघ्यांवर बसून कपाटांखाली हात घालत होता. "मागची खोली मी बघून आलो," तो धुळीचे हात झटकत म्हणाला, "तिथे काही नाही." संचालक दातांच्या खुर्चीखाली वाकले आणि तिथे त्यांना त्यांचाच हरवलेला चष्मा मिळाला.

मावशी आता शोधत नव्हती. ती आपल्या जागेवर बसली, त्या कोऱ्या अर्जांतला एक पुढे ओढला आणि भरायला घेतला. दप्तरखान्यातली सवय होती, डोकं चालेनासं झालं की हात चालवायचा.

अर्जदाराचे नाव: माहीत नाही.
वस्तू शेवटची कुठे दिसली: वकीलबाईच्या टेबलावर. काल दुपारी साडेतीन, तेव्हा ती स्वतः वाचत होती.
त्यानंतर तिथे कोण: मास्तर, सुईणीच्या पानाचं भाषांतर करायला. संचालक, देणगीदार पाहुण्यांना घेऊन. शिवणवालीचा दीर, एकटा. वकीलबाई, येऊन जाऊन.
कारण:

इथे पेन थांबलं. पण ते कारणामुळे नाही. अर्जाच्या कोपऱ्यातल्या शिक्क्याकडे तिची नजर गेली होती. हा जुना अर्ज होता. गेल्या वसंतात रद्द झालेला, नव्यात दोन रकाने जास्त आहेत. उरलेला गठ्ठा तिने स्वतःच्या हाताने मागच्या खोलीत, निकाली फायलींच्या मांडणीवर नेऊन ठेवला होता. बाहेरच्या माणसाला कोरा कागद हवा असता तर पुढच्या खोलीत नव्या अर्जांचा ढीग पडलेला आहे.

म्हणजे ज्याने फाईल रिकामी केली तो त्या वेळी मागच्या खोलीत होता. आणि तिथे तो काही कोरे कागद आणायला गेला नव्हता.

"मावशी," दारातून वकीलबाई म्हणाली, "शिवणवाली आली. आणि दीर खाली जिन्यात बसलाय. वर यायला तयार नाही."


अकरा

दीर तिसऱ्या पायरीवर बसला होता. पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर. दंड असे की जिना अर्धा भरलेला. मावशी गुडघ्यावर हात ठेवत त्याच्या शेजारी टेकली.

"काल तू फाईलपाशी एकटा होतास."

"होतो."

"किती वाजता?"

"साडेचार असतील. बाई बाहेर फोनवर होत्या."

"काय करत होतास?"

त्याने मान वर केली नाही. "तुम्हाला निकालातला एकोणीस नंबरचा परिच्छेद माहितीये?"

"माहितीये."

"मला तुमची भाषा वाचता येते. तिला येत नाही. सहा महिन्यांपूर्वी तो कागद घरी आला आणि मी वाचला. भावाला जूनमध्ये नेलं. पोरगी सतरा महिन्यांनी झाली. मी तेव्हा शहरात कामाला होतो, परतलो तेव्हा पोरगी झालेली होती, गावात काय झालं मला काय ठाऊक? सतरा महिने, मावशी. गाढवीणसुद्धा एवढे दिवस घेत नाही."

"तिला विचारलंस?"

"काय विचारू? सहा महिने बोललो नाही तिच्याशी. घरात पीठ आणून ठेवतो, भाडं भरतो, बोलत नाही. आणि आज ते सगळ्यांपुढे मोठ्याने वाचणार. पोरगी तिथेच बसलेली असणार." त्याने तळहात गुडघ्यांवर पुसले. "मला ते पान फाडून टाकायचं होतं. खोटं कशाला बोलू."

मावशी त्याच्याकडे वळली. "मग फाडलंस?"

"फाईलच उघडली नाही. ते टोक ओढावं तर गाठ आणखी बसत जायची. एवढ्यात बाई आल्या आणि मी उठलो."

वर जिन्याच्या वळणावर मुलगी उभी होती. तिने तोंड उघडून जिभेने पुढचे दात हलवून दाखवले, एक आणि मग दुसरा. "बघ काका," ती म्हणाली. काकाने बघितलं नाही.

मावशी जिना चढायला लागली आणि सातव्या पायरीवर थबकली. ओढावं तर आणखी बसत जायची. सकाळी वकीलबाईच्या हातूनही तेच झालं होतं. मावशीने बांधलेली गाठ ओढली की सुटते, आवळत नाही.

म्हणजे दिराने हात लावला तेव्हा फाईल रिकामी झालेली होती.


साडेअकरा

संचालकांच्या खोलीत ती न विचारता शिरली. ते घाईघाईने काहीतरी पॅडखाली सरकवत होते.

"द्या ते," मावशी म्हणाली.

"मावशी, हे ऑफिसचं पत्र आहे."

"मी ऑफिसच आहे. द्या."

अपील मागे घेत असल्याचं पत्र होतं. शिवणवालीच्या वतीने, कालच्या तारखेचं, सही बाकी.

"तुम्ही रागावण्याआधी ऐका," संचालक खुर्चीत सरळ बसायचा प्रयत्न करत म्हणाले. ती खुर्ची माणसाला सरळ बसू देत नाही. "हरलेलं अपील म्हणजे दार कायमचं बंद. मागे घेतलं तर वर्षाने पुन्हा अर्ज करता येतो. आणि त्या परिच्छेदाचं उत्तर आपल्याकडे आहे का? वकीलबाई म्हणतात, धक्क्यामुळे तिला तारखा आठवत नाहीत. मंडळ हसेल. काल पाहुणे बसले होते इथे. दहातली किती जिंकता, हा त्यांचा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न, संडास कुठे आहे."

"आणि वर्षभर ती राहणार कुठे?"

संचालकांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"फाईल तुम्ही काढलीत?"

"मी फाईल कशाला काढू? मला पत्रावर नुसती सही करायची होती. आणि तेवढंही माझ्याच्याने झालं नाही."

मावशीने पत्र त्यांच्या पुढ्यात ठेवलं. भित्रा माणूस होता, लबाड नव्हता. "काल पाहुण्यांना मागची खोली दाखवलीत?"

"सव्वाचारला. दारातूनच. त्यांना फायलींच्या भिंतीचा फोटो हवा होता, आकडे दिसणार नाहीत असा."

"आत कोण होतं?"

"कोणी दिसलं नाही. पण दिवा चालू होता. मी म्हटलंसुद्धा, बिल कोण भरतं इथलं."

मागच्या खोलीला एकच दार आहे आणि मांडण्या माणसाच्या डोक्याहून उंच आहेत. दारातून फोटो काढणाऱ्याला शेवटच्या मांडणीमागे उभा असलेला माणूस दिसत नाही.


पावणेबारा

तिने टोपलीतून नाडी काढली. गाठ अजून तशीच होती, आवळलेली.

दप्तरखान्यात गाठी दोनच. निकाली निघालेल्या प्रकरणाला निरगाठ, जी सोडायची नसते. चालू प्रकरणाला सुरगाठ, एका हाताने ओढली की सुटली पाहिजे, कारण दुसऱ्या हातात कायम दुसरी फाईल असते. मावशीची सुरगाठ तिची स्वतःची होती. दोन वेढे, एक फास, आणि ओढायचं टोक उजवीकडे. ऑफिसात वकीलबाईला ती नुसती सोडता येत होती. बांधता येत नव्हती, कारण तिला बुटाची नाडीही बांधता येत नाही, ती बिननाडीचे बूट घालते. संचालक फायलींना हात लावत नाहीत. दिराने ती गाठ जन्मात पाहिली नव्हती.

ही गाठ मावशीचीच होती. दोन वेढे, एक फास. आणि सुटणारं टोक डावीकडे. उजवीकडचं ओढावं तर आवळते. काल संध्याकाळी बसची घाई होती, तिने नुसती चाचपली, आणि चाचपताना डावं-उजवं कळत नाही.

डावखुरा? ऑफिसात डावखुरं कुणी नाही.

तिने आपल्या जागेवर बसून एक रिकामं कव्हर घेतलं आणि स्वतःची गाठ सावकाश बांधली. हात कुठून कुठे जातो ते पाहत. पुन्हा बांधली. तिसऱ्यांदा बांधताना तिने मान वर केली, आणि हात थांबले.

ही गाठ तिने कुणाला शिकवली नव्हती. पण कुणी समोर बसून रोज बघत असेल तर त्याला तिचा उजवा हात आपल्या डावीकडे दिसेल. जसं दिसेल तसं तो बांधेल. आरशातली बांधेल.

तिच्या टेबलासमोर, तिच्याकडे तोंड करून, नऊ वर्षं एकच खुर्ची होती. खुर्ची आत्ता रिकामी होती. कालपासूनचा चहा तिथेच होता, साय धरलेला.


सव्वाबारा

मागच्या खोलीत तीनशेच्या वर निकाली फायली होत्या. सगळ्या तिने बांधलेल्या. सगळ्यांना निरगाठ. तिने दिवा लावला आणि नुसतं गाठींवरून बोट फिरवत निघाली. निरगाठ, निरगाठ, निरगाठ. शेवटच्या मांडणीच्या मधल्या फळीवर बोट अडकलं.

सुरगाठ. सुटणारं टोक डावीकडे.

दोनशे अठ्ठ्याऐंशी. तिने डावं टोक ओढलं आणि फाईल फुलासारखी उघडली. वरच्या निम्म्या जाडीत दोनशे अठ्ठ्याऐंशीचे कागद होते, कुणा सुताराचे. खालच्या निम्म्यात चारशे सतरा, सगळीच्या सगळी. आणि दोघांच्या मधे सुईणीचं पान.

जीव भांड्यात पडायला हवा होता. पडला नाही. कारण लपवायचीच होती तर तीनशे फायलींत कुठेही लपवता आली असती. कुणी एक निरगाठ सोडून, एक विशिष्ट निकाली फाईल उघडून, तिच्यात का ठेवील? निरगाठ सोडायला दोन मिनिटं नखं झिजवावी लागतात. तो लपवायला आलाच नव्हता. आधी तो ही दुसरी फाईल वाचायला आला होता.

सुईणीच्या पानाला टाचणीने एक कपटा लावलेला. मास्तरचं सुबक अक्षर, भाषांतराची सुरुवात. 'मुलगी. तिसऱ्या महिन्याचा चौथा दिवस. वर्ष ६.' त्याखाली पेन्सिलने: ६ + १२ = १८. हे खोडलेलं. त्याखाली: ६ + ११ = १७. हे तीनदा अधोरेखित, तिसऱ्यांदा इतकं जोरात की कागद फाटला होता.

सतरा साल. मंडळाच्या कागदात मुलीचा जन्म अठराचा होता, म्हणून ती पाच वर्षांची. पण पाच वर्षांच्या मुलीचे पुढचे दोन्ही दात एकदम हलत नाहीत, सहसा नाही. तिच्या नातीचा पहिला दात हलला तेव्हा नात सहाच्या पुढे होती.

नवऱ्याला नेलं सतराच्या जूनमध्ये. मुलगी झाली सतराच्या नोव्हेंबरात. पाच महिने.

"मावशी," दारातून आवाज आला, "दार लावून घेऊ का?"


बारा वाजून वीस मिनिटं

"लावू नका," मावशी म्हणाली. "उघडंच राहू दे."

मास्तर आत आला आणि उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसला. त्याची मान अशी खाली होती की टक्कल तेवढं दिसत होतं.

"आमचं वर्ष तुमच्या सप्टेंबरात बदलतं," तो म्हणाला. "तुमचं जानेवारीत. आम्ही तुमच्या बारा वर्षं मागे. पण सप्टेंबरात आमचं साल एकने वाढतं आणि तुमचं वाढायला अजून चार महिने असतात. त्या चार महिन्यांत फरक अकराचा असतो. मी पहिल्या दिवशी इथे बसलो तेव्हा एक नियम केला. अधिक बारा. आठ महिने तो बरोबर असतो."

"आणि उरलेले चार?"

"नऊ वर्षं चूक." तो हसल्यासारखं करत होता. "मी गणिताचा मास्तर होतो, मावशी. वर्गात एखाद्याने हे केलं असतं तर मी त्याला बाकावर उभा केला असता."

"पण आपण प्रत्येक जबाब वाचून दाखवतो. त्यांच्या भाषेत. चूक निघावी म्हणूनच तर वाचून दाखवतो."

"वाचून कोण दाखवतं?"

मावशीला कळलं आणि तिने डोळे मिटले.

"लिहिताना मी बारा मिळवायचो," मास्तर म्हणाला. "वाचून दाखवताना बारा वजा करून सांगायचो. त्यांना प्रत्येक वेळी त्यांचीच तारीख ऐकू यायची, अगदी बरोबर. मान हलवायचे, अंगठा द्यायचे. इतकी वर्षं एकानेही हरकत घेतली नाही. मला त्याचा अभिमान होता."

बाहेर झेरॉक्सवाल्या खोलीत मुलगी कुणाला तरी दात दाखवत होती.

"काल सुईणीचं पान हातात आलं. तिच्या हाताने लिहिलेलं साल. त्या एका पानासाठी मी पहिल्यांदाच कॅलेंडर काढून बसलो, कारण मंडळाला अचूक हवं होतं. आणि मग मला सुतार आठवला. मागच्या वर्षीचा. त्याने सांगितलं दुसऱ्या महिन्यात मारलं. त्याच्याकडे दवाखान्याचा कागद होता, परदेशी डॉक्टरांचा, तुमच्या सालातला. कागदात एक साल, जबाबात पुढचं. मंडळाने लिहिलं, खोटारडा. ती फाईल उघडून बघायची होती, एवढंच. दोन्ही फायली घेऊन इथे उभा होतो आणि दारात पाहुण्यांचा आवाज आला."

"आणि मग रिकाम्या कव्हरात कोरे अर्ज भरलेत. माझी गाठ मारलीत."

"मला एक रात्र हवी होती. सगळं मोजायला. सकाळी सांगणार होतो." त्याने हात पुढे केले, त्यांच्यावर अजून कपाटाखालची धूळ होती. "मग तुम्ही सगळे शोधायला लागलात. आणि मीही शोधायला लागलो."

मावशीला वाटलं याच्या कानफटात द्यावी. वाटलं याला पाणी द्यावं. यातलं काहीच करायला वेळ नव्हता.

"किती आहेत असे?"

"माझे जबाब त्रेसष्ट. त्यांत त्या चार महिन्यांतली तारीख किती जणांची, ते अजून..." त्याने मान हलवली. "मंडळापुढे हे सांगितलं तर माझा परवाना जाईल."

"जाईल."

"वकीलबाई तो कागद नुसता पुढे ठेवू शकतात. मूळ पान आहे, साल बरोबर लिहून देतो..."

"आणि मंडळाने विचारलं की तुझाच दुभाषा आधी अठरा म्हणाला आणि आज सतरा म्हणतो, तर ती काय सांगेल? बाईला सुनावणीच्या दिवशी अचानक आठवलं? मास्तर, आज ते पान एकटं पुरणार नाही. तुम्ही लागाल." तिने फाईल छातीशी धरली. "उठा. आधी वकीलबाई, मग तीन वाजता. बाकीच्या बासष्टांची पाळी उद्या."

वकीलबाईने उभ्या उभ्याच सगळं ऐकलं. मग ती खाली बसली. "मी सहा महिने तिच्या धक्क्यावर प्रकरणं वाचतेय," ती हळूच म्हणाली. "आठवणींवर तज्ज्ञांचे तीन अभिप्राय मागवले. तिलाच नाही विचारलं, की तुझी मुलगी किती वर्षांची आहे."


तीन

मंडळाच्या अध्यक्षबाई बारीक चणीच्या, सर्दी झालेल्या होत्या. त्यांनी सुईणीचं पान उजेडाकडे धरून पाहिलं, रुमाल नाकाला लावला आणि परिच्छेद एकोणीस मोठ्याने वाचला. मास्तर उठला. त्याने शपथ घेतली, परवाना खिशातून काढून टेबलावर ठेवला आणि सांगितलं. दोनदा सांगावं लागलं, कारण पहिल्यांदा तो आपल्याच भाषेत बोलायला लागला होता.

"नऊ वर्षं?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"नऊ."

"आणि आज का सांगताय?"

मास्तरने मावशीकडे पाहिलं. तिने मदत केली नाही. "कारण अर्जदार पहिल्यापासून खरं बोलत होती," तो म्हणाला, "आणि ते इथे फक्त मलाच माहीत होतं."

मंडळाच्याच दुसऱ्या दुभाष्याने हे शिवणवालीला तिच्या भाषेत सांगितलं. आपल्याला खोटं का ठरवलं होतं, हे तिला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं. ती रडली नाही. ती वळून मागच्या बाकाकडे बघायला लागली, आणि सहा महिन्यांच्या अबोल्याचा अर्थ तिच्या चेहऱ्यावर हळूहळू उमटत गेला.

मागच्या बाकावर दीर बोटं मोजत होता. जून, जुलै, ऑगस्ट. एका हाताची बोटं पुरली. त्याने ती परत पहिल्यापासून मोजली. मग तो उठला, माणसांच्या पायांवरून ओलांडत पुढे आला आणि तिच्या मागे उभा राहिला.

"वहिनी," तो म्हणाला. घसा खाकरून परत म्हणाला, "वहिनी, पाणी आणू का?"

"पोरीला आण," ती समोर बघत म्हणाली. "मला तुझ्या हातचं आज नको."

तो गेला आणि दोन पेले घेऊन आला. एक पेला बराच वेळ तिच्या बाकाच्या काठावर तसाच होता.

निकाल अकराव्या दिवशी आला. अपील मंजूर. परिच्छेद १९ रद्द. दीर तो कागद सगळा मोठ्याने वाचून दाखवत असताना शिवणवाली मशीनवरून उठली नाही.

मास्तरचा परवाना त्याच आठवड्यात गेला, तरी तो रोज दहाला येतो. त्याला जबाब घेता येत नाहीत. तो मागच्या खोलीत बादलीवर बसतो, मावशी निरगाठी सोडून फायली पुढे करते आणि तो तारखा वाचतो. मावशीची नखं पार गेली आहेत. आजवर एकतीस झाल्या. चौदांमध्ये चूक निघाली. त्यांतले सहा जण अजून या देशात आहेत.

मागच्या वर्षी सुताराला परत नेणाऱ्या गाडीत बसवलं तेव्हा दुभाषा म्हणून मास्तर हजर होता. माझं नेमकं काय चुकलं, असं सुताराने विचारलं. मास्तरने त्याचं अचूक भाषांतर करून अधिकाऱ्याला सांगितलं, आणि अधिकाऱ्याने उत्तर दिलं नाही.